तिसऱ्या गल्लीतील भिंतीवरची लाल कमान

प्रति,
मा. विभागप्रमुख,
सार्वजनिक मालमत्ता विभाग,
तोबिकावा नगर कार्यालय.

विषय : भिंतीवरील लाल कमान न काढण्याबाबत.
संदर्भ : आपले पत्र क्र. मालमत्ता/४१, दि. १० ऑक्टोबर.

महोदय,

"देऊळ म्हणावं तर आत देव नाही, आणि नाही म्हणावं तर लोक वाकतायत," असे आपले कारकून श्री. ओगुशी परवा खिडकीमागे पुटपुटले. त्यांची अडचण आमच्या गल्लीमुळे झाली, म्हणून हा अर्ज.

१. माझ्या धुलाईच्या दुकानाला लागून आपल्या वाहनतळाची भिंत आहे. पिऊन घरी परतणारे पुरुष तिथे लघवी करीत. 'येथे लघवी करू नये' ही पाटी आपण तीनदा लावली, पाटीही भिजली. मग आपणच तिथे देवळापुढे असते तशी, पण वीतभर, लाल लाकडी कमान ठोकली. दुसऱ्या दिवसापासून भिंत कोरडी.

२. आपल्या नोंदवहीत ती 'लघवी-प्रतिबंधक साधन, लाकडी, एक नग' अशी आहे. आता आपण कळवता की, तिच्यापुढे साकेचा, म्हणजे तांदळाच्या दारूचा, पेला ठेवून कुणी वाकते व टाळ्या वाजवते, सबब ते धर्मस्थळ ठरते आणि सरकारी भिंतीवरून चौदा दिवसांत निघेल. सरकारी जागेत धर्मचिन्ह चालत नाही म्हणून दाखला फ्रान्सचा दिला आहे. तिकडे लघवी कशाने थांबवतात, तेही कळवले असते तर उपकार झाले असते.

३. 'आमचा कोणताही धर्म नाही' असे एकोणीस घरांनी सहीनिशी लिहून दिले आहे. सह्यांना चार दिवस उशीर झाला, कारण सगळे देवळाच्या जत्रेत होते. तरी कमान राहू द्यावी, ही विनंती इथेच करून ठेवते; पुढचे लिहिल्यावर मला ती जमणार नाही.

४. वाकणाऱ्या त्या आमच्या शेजारच्या फुसाए आजी, वय ८३. श्री. ओगुशी काल चौकशीला आले आणि फॉर्ममधला रकाना वाचू लागले : 'कोणत्या देवाची पूजा?' मी म्हटले, कुणाचीच नाही. गल्लीतले तांदळाचे दुकानदार आभाळाकडे बघू लागले. खरे काय ते सगळ्या गल्लीला ठाऊक. पण आजींच्या तोंडावर बोलणार कोण? शेवटी आजीच पुढे आल्या.

"देवाबिवाची नाही हो, साहेब. आमचे हे रोज पिऊन इथेच उभे राहायचे. तुमची कमान त्यांच्यामुळेच लागली. आता गेले ते. घरी फोटोपुढे उदबत्ती लावते मी, पण संध्याकाळचे ते घरी होते कधी?"

आपली नम्र, आणि आजींची शेजारीण,
सुमिए इवाकिरी
तिसरी गल्ली, तोबिकावा
दि. २२ ऑक्टोबर, रेइवा ६ (सन २०२४)