पोटगी, चारचौघांसमोर

मंगळवार, संध्याकाळ

घटस्फोट झाला, पण पोटगी कशी द्यायची यावरून आज आम्ही दोघं पुन्हा नगरच्या कोर्टात बसलो. नवरा, म्हणजे आता माजी, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला. जसा काही सत्कारच होता त्याचा! माझ्या वकीलबाई म्हणाल्या, दर महिन्याला हिच्या खात्यात भरा. तर म्हणतो कसा, "खात्यात टाकल्यावर कुनाला दिसनार? मी नेवाशाच्या बाजारात हातात देतो, चारचौघांसमोर."

मी काय ओंजळ धरून उभी राहू? खात्यातच, म्हटलं, आणि तसंच लिहून घेतलं. त्या शर्टाची इस्त्री लगेच उतरली, की मलाच तसं वाटलं?

संसारात भाजीला पैसे मागितले की हाच माणूस आधी दार लावून घ्यायचा. म्हणायचा, "हळू बोल, लोक ऐकत्यात."