भोकाचे पैसे

३ फेब्रुवारी
आलो बाई एकदाचे मुखेडला! नांदेडपासून लेकीनं, लुंबिनीनं, एसटीत दोनदा उलटी केली, एकदा माझ्या अंगावर आणि एकदा शेजारच्या आजोबांच्या धोतरावर. आजोबा बिचारे हसले. घर मात्र झकास आहे. गावाबाहेर माळावर दोन खोल्या, वर स्लॅब, दारात बोअर. मालक शेषेरावकाका लातूरला लेकाकडे राहतात, किल्ली द्यायला तेवढे आले होते. या घराचा पाया खोदताना त्यांच्या वडिलांना जुने पैसे सापडले, दुधाचे दोन कॅन भरून. ते निवडायचे, चांगले नग संग्राहकांना विकायचे, आलेल्यात निम्मं माझं. कॅन घराबाहेर न्यायचे नाहीत ही त्यांची अट, म्हणून मीच मुक्कामाला आले. संघपाल गडचिरोलीहून फोनवर म्हणाला, नवरा सोडून भंगार निवडायला गेलीस होय. मी म्हटलं, नवऱ्यापेक्षा भंगाराला भाव आहे राजा.

५ फेब्रुवारी
सगळेच्या सगळे भोकाचे पैसे! इंग्रजांच्या शेवटच्या काळातले, तांब्याचे, मधोमध हे एवढं भोक. इकडं निजामाचा हाली सिक्का चालायचा, तरी हेही हातोहात फिरायचे. साध्या पाण्यात भिजवते, फडक्यानं टिपते, भिंगाखाली धरते. वर्ष बघायचं, मुकुट बघायचा, टांकसाळीची खूण बघायची. लाहोरच्यांना भाव, ते वेगळे काढायचे. चिंच लावून घासलं की नाण्याचं वाटोळं होतं, हे लोकांना सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आलाय.

कटकट एकच. बहुतेक भोकांत काळा दोरा अडकलेला, गाठीसकट. सुटता सुटत नाही. शेवटी छोटी कात्री घेतली आणि तोडत सुटले. करदोड्याचे दोरे असणार. पूर्वी लेकरांच्या कमरेला असे पैसे ओवून बांधायचे. आमच्या पणजीनं छप्पन्न साली धम्म घेताना देव, दोरे, ताईत सगळं एकदमच नदीत सोडलं, त्यामुळं आमच्या लुंबिनीची कंबर मोकळी. चार वर्षांची झाली, कधी साधी दृष्टही काढली नाही तिची. बाईसाहेब कॅनमध्ये हात घालून पैसे वाजवत बसल्यात.

९ फेब्रुवारी
लाहोरचा सापडला, अगदी साफ! फोटो पाठवला तर हैदराबादच्या संग्राहकाचा लगेच फोन. मी खोलीतच नाचले.

एक विचित्र झालं. दुपारी काम करता करता ब्लाउज ओला झाला. दूध. लुंबिनीचं अंगावरचं सुटून दोन वर्षं झाली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, होतं असं कधी कधी, गोळ्या घ्या. घेतल्या.

लुंबिनी कुरकुर करते की झोपताना तिला कोणीतरी ‘सरक’ म्हणतं. कोण गं, तर म्हणे बारके. नाटकी आहे नुसती, बापावर गेली.

१२ फेब्रुवारी
गोळ्यांनी काही फरक नाही. भुताखेतावर विश्वास ठेवणारी मी नाही, म्हणून परीक्षाच घेतली. बिनदोऱ्याचे पैसे तासभर निवडले, काही नाही. मग एक दोरा तोडला. लगेच पान्हा. दुसरा तोडला. पुन्हा. नंतर कात्री फळीवर ठेवून दिली आणि उगाच भांडी घासत बसले.

१४ फेब्रुवारी
शेजारच्या शांतम्मा कारळाची चटणी घेऊन आल्या. देगलूरकडच्या म्हाताऱ्या, बोलताना मधूनच तेलुगू. सुपलीत तुटक्या दोऱ्यांचा ढीग बघून त्यांनी चटणी उंबऱ्यातच ठेवली. म्हणाल्या, अय्यो, हे तू कामून तोडलंस पोरी? पटकीच्या साथीत गावातली लेकरं या माळावर पुरली होती. लेकरू गेलं की मातीत ठेवताना त्याचा करदोडा मायनंच तोडायचा असतो, मग ते मोकळं होतं. त्या साली त्यांच्या माया आधी मेल्या. तोडायला कोणी राहिलंच न्हाई, तशीच बांधलेली मातीत गेली. आणि आता तोडंल ती माय हाय त्यांची.

मी त्यांच्या तोंडावर हसले. त्या गेल्यावर साबणानं हात धुतले, मग मोरीतच रडत बसले.

१५ फेब्रुवारी
शेषेरावकाकांना फोन करून झाडलं. मग म्हणाले, आमच्यात कोणी त्या दोऱ्याला हात लावंना बाई, बायकोनं तर कॅनकडं बघितलंसुद्धा न्हाई. तुमी लोक असलं काही मानत न्हाईत, म्हणून तुमालाच सांगितलं.

असा संताप आला! काय मानायचं नाही हे आम्ही आमच्या अकलेनं ठरवलं. याच्या घरची घाण काढण्यासाठी नाही.

उद्याच निघते. कॅन गेले खड्ड्यात.

१६ फेब्रुवारी
निघालो, आणि परत आलो.

गाडीत बसल्यावर माझी मांडी जड झाली. कंडक्टर आला, बघतच राहिला. म्हणाला, एवढी लेकरं घेऊन एकट्याच कुठं निघालात ताई? मी इकडंतिकडं बघितलं. बाजूला फक्त लुंबिनी. मग त्यानं तिच्याकडंच बोट दाखवलं आणि विचारलं, ही कोणाची?

माझी, म्हटलं. त्याला पटलं नाही. लुंबिनीचा चेहरा एवढासा झाला.

पुढच्या थांब्यावर उतरले. यांना सगळ्यांना घेऊन आईच्या दारात कशी जाऊ?

१७ फेब्रुवारी
आता ऐकू येतात. माय, माय. अंगावर ओढतात, सोडत नाहीत. छाती ठणकते. भुकेलेली आहेत, इतक्या वर्षांची भुकेलेली — मला त्यांची कीव येते, हेच भयंकर आहे.

लुंबिनी जेवत नाही. उचलली तर हाताला वजनच नाही. दारात उभी राहते, जवळ येत नाही. आज विचारलं — मम्मी, मी कोणाची?

छातीशी धरायला गेले. जागाच नव्हती —

१८ फेब्रुवारी, सकाळ
तिनं फ्रॉक वर केला. कमरेला काळा दोरा. बेंबीवर पैसा. खुशीत होती. म्हणाली, माझा पण तोड ना मम्मी, मग मी पण तुझी.

कोणी बांधला? तिला तर बुटाची नाडी बांधता येत नाही —

दुपार
गाठ सुटत नाही. तेल लावलं. दातांनी — नाही. दोरा आत जातोय, कातडी फुगलीय. शांतम्मा अंगणात उभ्या, आत येत नाहीत. रडताहेत. ओरडून म्हणतात, तोडू नको, जित्या लेकराचा मायनं तोडला की ते लेकरू बी त्यांच्यात —

मग कोणी तोडू? त्या पुढं येत नाहीत. संघपाल फोन उचलत नाही. ॲम्ब्युलन्स निघाली म्हणतात —

ओठ काळे पडलेत. आजूबाजूला सगळी गप्प झालीत. बघताहेत. जागा करून सरकताहेत तिला —

न्हाई. न्हाई देणार. ही माझी आहे, मी जन्म दिलाय, मी हिचं — मी मानत नाही, ऐका, मी असलं काही मानत नाही —

कात्री दोऱ्याखाली गेली. लुंबिनी हसतेय. बाळा, श्वास घे, मोठा श्वास घे आधी, मग मी —