थॉमस वेलंडला ठाऊक होतं का?

४ नोव्हेंबर
लॉ कॉलेजात विषयाची चिठ्ठी उचलली आणि नशीब फुटलं! कुणाला ग्राहक न्यायालय, कुणाला पोटगी, आणि मला—थॉमस वेलंड! तेराव्या शतकातला इंग्रज न्यायाधीश. त्याची कारकीर्द वर्गापुढे सांगायची. मॅडम म्हणतात, "उन्नती, कायद्याची मुळं कळतील." सातपाटीत बोंबील सुकवणाऱ्याच्या पोरीला ती मुळं घेऊन काय करायचीत? पालघरहून येताना अख्ख्या रस्त्यात त्याला शिव्या घातल्या.

६ नोव्हेंबर
माणूस होता मात्र हुशार. साध्या कारकुनीतून वर चढत थेट मुख्य न्यायाधीश. मग जमिनीच जमिनी!
जेवताना बाबा म्हणाले, "तुजा जज काय म्हनतो?" सांगितलं. "म्हंजे आमच्यासारका पंचच." म्हटलं, हो, फक्त तुमची खुर्ची प्लॅस्टिकची. खूप हसले.

८ नोव्हेंबर
चंद्रकांताकाकी सकाळीच दारात. समुद्रात लावलेलं तिचं जाळं कुणाच्या तरी बोटीच्या पंख्यानं फाडलं. काका गेल्यापासून ती एक बोट आणि ते जाळं, एवढ्यावर तिचं घर चालतं. रडत नव्हती, नुसती धुमसत होती. "दामूदादा, तुमी पंचांत मोटे. कोन हाय तो, त्याला उबा करा. नवीन जालं घ्यायची माजी ताकद नाय."
बाबांनी पुढच्या रविवारी बैठक लावली.
आणि आमचे बंधुराज सुजीत! मोबाइलमधून मान वर नाही. घरी आलेल्या माणसाला पाणी तरी विचारावं! मीच दिलं.

९ नोव्हेंबर
बाबांनी आमची बोट किनाऱ्यावर ओढून घेतली. भर सीझनला! म्हणे रंग द्यायचाय. अहो, दिवाळीआधीच तर दिला! पण या घरात बाईमाणसानं विचारलं की सगळे बहिरे.

११ नोव्हेंबर
वेलंडच्या नोकरांनी जत्रेत दारू पिऊन एकाचा खून केला. यानं त्यांना घरात ठेवून घेतलं. पकडला गेला, निसटला, मठात लपला. बाहेरून अन्न तोडलं तेव्हा शरण आला. राजा म्हणाला, खटला, जन्माची कैद की देशत्याग—काय हवं ते निवड. यानं देश सोडला. अनवाणी, बोडक्या डोक्यानं, हातात क्रूस घेऊन बंदरापर्यंत चालत गेला.
हे सगळं बाबांना तीनदा सांगितलं. तीनदा! तरी पुन्हा, "पन त्याला ठाव होतं काय, यांनीच मारलं म्हनून?"
हो, बाबा.
"मंग त्याचीच पोरं ती?"
पोरं नाही हो, नोकर! नोकर! रात्रभर रामायण ऐकायचं आणि सकाळी विचारायचं, रामाची सीता कोण.

१२ नोव्हेंबर
जेवताना बाबांचं पुन्हा वेलंड. मी हात जोडले.

१३ नोव्हेंबर
"त्यानं आदीच जाऊन सांगितलं असतं तर?"
मी ओरडलेच. मला काय माहीत! सातशे वर्षांपूर्वी मेलेला माणूस! माझी परीक्षा तोंडावर आलीय, तुम्हाला काय उद्योग नाही का?
बाबा अर्ध्या ताटावरून उठले. सुजीतही उठला. त्याला काय झालं एवढं?

१५ नोव्हेंबर
झालं एकदाचं! अर्धा वर्ग जांभया देत होता, मॅडम फोनवर. शेवटी "कुणाला प्रश्न?" एकाच्या तोंडून हूं की चूं नाही. गाढवापुढे वाचली गीता! प्रश्न विचारणारा एकच माणूस होता, त्याच्यावर मी खेकसले. आज बाबांनी काहीच विचारलं नाही. फार वाईट वाटतंय.

१६ नोव्हेंबर, रविवार
बैठक झाली. बाबा पंचांच्या खुर्चीत बसलेच नाहीत. सुजीतचं मनगट धरून काकीसमोर खाली जमिनीवर बसले. "बोट आमची, चालवत होता सुजीत. पंक्यातनं हिचं जालं मीच काडलं, मीच लपवलं. आता न्याय तुमी करा."