पुसून न टाकलेली आरती

बाबा, यंदाच्या चवथीला आपल्या घरच्या गणपतीच्या आरतीत घुमट मी वाजवलं. आधी हेच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला रागवायचं असेल तर मोकळेपणी रागवा.

सुर्ल्याच्या खाणीवर ट्रक चालवून तुम्ही पार्से गावातल्या आपल्या घरी यायचात तेव्हा कानांत तांबडी धूळ असायची. आंघोळ उरकली की घुमट मांडीवर. मी एकदा त्या मडक्याच्या कातड्यावर नुसती टिचकी मारली, तर केवढ्याने ओरडलात, "चेडवान घुमटाक हात लावचो न्हय!" मुलीने का लावायचा नाही, ते कधी सांगितलं नाहीत. तुम्हालाही ठाऊक नसावं.

तुम्ही गेल्यावर कितीतरी वर्षांनी मी टॅबलेट घेतला. शाळेच्या पाटीएवढा, पण त्यात अख्खा स्टुडिओ मावतो. पेडण्याच्या बसमध्ये, स्वयंपाकघरात डाळ शिजेपर्यंत, कुठेही हेडफोन लावते आणि काचेवर बोटं आपटून घुमट वाजवते. त्या काचेला बाई-पुरुष कळत नाही. दशावतारी नाटकांचं संगीत, बायकांच्या फुगड्यांची गाणी, सगळं मी त्यावरच करते. बोटं तयार झाली ती अशी.

यंदा घुमटाला माणूसच नव्हता. वाजवणारे सगळे कामाला बाहेरगावी. काका म्हणतात, "तुझ्या त्या टॅबार लाय गो घुमट." म्हणजे यंत्राचं देवाला चालतं, माझं चालत नाही! आणि त्या टॅबमध्ये तरी बोटं कोणाची होती? माझं डोकंच फिरलं. टॅब रेकॉर्डिंगला लावून चटईवर ठेवला, तुमचं घुमट खुंटीवरून काढलं, सादळलेलं कातडं चुलीच्या उबेला धरलं आणि सगळ्या पुरुषांच्या मधोमध मांडी घालून बसले. देवासमोर भांडायची कोणाची छाती झाली नाही. आरत्या संपल्यावर काका हळूच म्हणाले, "ता रेकॉर्डिंग तरी पुसून टाक गो. लोक काय म्हणतले?"

नाही पुसलं. उलट अख्ख्या वाड्याला पाठवलं. तुम्ही असतात आणि डोळे वटारले असतेत, तरी पाठवलंच असतं.

तुम्हाला मात्र ना ते पाठवता येतं, ना हे पत्र. त्यात शेवटच्या आरतीला माझं घुमट झांजांच्या पुढे धावलं आहे, अगदी तुमचं धावायचं तसं. लोकांची चुकलेली लय मी टॅबवर बोटाने ओढून सरळ करते. ही केली नाही. तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लावते, बाबा. तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही, तरी लावते.