ऐंशी किलोचे बाबा, ऐंशी किलोचा गूळ

दीक्षितपुरा, जबलपूर
रविवार, दि. १२ जानेवारी २०२५, दुपारी ३ वाजून १० मिनिटे. (बाबा झोपले आहेत, मोजून वीस मिनिटांसाठी. मी स्वयंपाकघरात वजनकाट्याकडे पाठ करून लिहीत बसलो आहे. पाठ का, ते पुढे कळेल.)

ती. बेबीआत्यास,

तुझ्या अंबरीशचा दोन्ही हात जोडून आणि एका पायावर उभं राहून नमस्कार. (दुसऱ्या पायाचा घोटा गुरुवारी बाबांच्या बरोबरीनं चालायला गेलो तेव्हा मुरगळला. बाबांचं वय त्रेपन्न, माझं चोवीस. यावर कोणी काही बोललं नाही, हाच मोठा अपमान.) तुझी पाठ कशी आहे? तुझ्या यजमानांचा, रामराव मामाजींचा, गुडघा अमरावतीच्या थंडीत कुरकुर करतो असं तू म्हणाली होतीस. त्यांना नमस्कार आणि गुडघ्याला आराम सांग. इकडे आई बरी, मी घोटा सोडून बरा, आणि तुझा भाऊ इतका बरा आहे की शेजाऱ्यांना काळजी वाटून राहिली आहे. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण आपल्या घरी फोन नेहमी स्पीकरवर असतो हे तुला माहीत आहे. म्हणून पत्र.

बातमी अशी की आज सकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी बाबा काट्यावर उभे राहिले आणि काटा ऐंशीवर थांबला. तुझा नवस पूर्ण झाला. आई देवापुढे गेली, तिथून थेट फोनकडे गेली, आणि तू लगेच दहा-दहा किलोच्या गुळाच्या आठ ढेपी सांगून टाकल्यास. आता २ फेब्रुवारीला नर्मदेच्या ग्वारीघाटावर एका पारड्यात बाबा, दुसऱ्यात गूळ. तराजू आमच्या मुरलीधरजींच्या दुकानातून येणार आहे. (मी तिथेच काटे दुरुस्त करतो, हे मामाजींना पुन्हा सांग. ते अजून मला घड्याळवाला समजतात.)

आत्या, हा माणूस कुठून कुठे आला हे तू लांबून पाहिलंस, मी जवळून पाहिलं. मागच्या फेब्रुवारीत बाबा चौऱ्याण्णव किलोचे होते. फॅक्टरीत दोन जिने चढले की तिसऱ्यावर उभे राहून खिडकीबाहेर बघत, जणू काही बघण्यासारखं आहे. साखर काठावर आली होती, रक्तदाब काठ ओलांडून गेला होता. डॉक्टर माधवीताईंनी घराण्यात कोणाला काय झालं होतं असं विचारलं तेव्हा आईनं सांगितलं, की आजोबा चोपन्नाव्या वर्षी गेले, जेवता जेवता. बाबांना येत्या मार्चमध्ये चोपन्न लागणार. त्या रात्री तू नवस बोललीस, की भाऊ ऐंशीवर आला तर नर्मदामाईला त्याच्या भारंभार गूळ, आणि मी वही आणली.

वहीत मी एकतीस नियम लिहिले. (बारावी माझी दोनदा राहिली, पण तक्ते मला चांगले आखता येतात.) कोमट पाणी, दुधीचा रस, जवाची पेज, अमुक वाजता मेथ्या, तमुक वाजता उपाशी. बाबांनी तीन दिवस सगळं पाळलं. चौथ्या दिवशी वही माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "अंबरीश, अक्षर सुंदर आहे. पण यात जेवण कोणत्या पानावर आहे?"

मग ते स्वतःच डॉक्टरांकडे गेले आणि तीन वाक्यं घेऊन आले. काही सोडायचं नाही. सगळं थोडं कमी करायचं. रोज चालायचं. मला वाटलं फसवणूक झाली. एवढ्यासाठी फी कशाला? पण बाबांनी ती तीन वाक्यं अशी धरली की काय सांगू. ताटात अर्धी जागा भाजी-कोशिंबिरीला, एक भाकरी, घट्ट वरण, भात तळहातावर मावेल एवढा. रात्रीचं जेवण साडेसातला. फॅक्टरीतल्या चारच्या समोशाच्या जागी खिशात फुटाणे. दहा वाजले की वीज जाते तसे बाबा झोपेत जातात, बोलता बोलता, वाक्य अर्धं ठेवून. पहाटे साडेपाचला निघून पायी सदर बाजारापर्यंत, तिथून ऑटोनं परत. पावसाळ्यापासून मात्र परत येतानाही पायी. (का, ते आम्हाला कळलं नव्हतं.)

मुरलीधरजींनी दोन किलोची दोन लोखंडी वजनं दिली, सरकारी मोहोर रद्द झालेली. संध्याकाळी बातम्या बघताना बाबा ती दोन्ही हातांनी वरखाली करतात. आई म्हणते, "काहून जी, काय तोलून राहिले? हवा?" बाबा म्हणतात, "हवाच. काल बरोबर भरली, आज पाव किलो जास्त आहे."

आणि जिलेबी. खोव्याची जिलेबी बाबांनी सोडली नाही, हे मला आधी पटलं नव्हतं. दर रविवारी एक. इथल्याच गोरखपूर बाजारातला हलवाई पूर्वी बाबांना लांबून पाहिलं की अर्धा किलो तोलायला घ्यायचा. पहिल्यांदा एक मागितली तेव्हा झारा हातात धरून म्हणाला, "भैया, घर में सब ठीक है ना?" बाबा म्हणाले, "सब ठीक रहे, इसीलिए एक." मग बाकावर बसून ती एक जिलेबी त्यांनी अकरा मिनिटं खाल्ली. मी घड्याळ लावलं होतं. आत्या, मी सहा खाल्ल्या त्या दिवशी, पण चव कोणाला कळली असं विचारशील तर मला सांगता येणार नाही.

सगळं सरळ झालं असं नाही. एप्रिलमध्ये काटा नव्वदवर अडला. चार रविवार. चौथ्या रविवारी बाबा काट्यावरून उतरले, चपला घातल्या आणि आईला म्हणाले, "आपल्या घराण्यात चोपन्नच लिहिलं आहे. चलो, जाऊ दे." ओट्याकडे तोंड करून तेच एक पातेलं आईनं तीनदा धुतलं. सोमवारी बाबा चालायला गेले नाहीत. मंगळवारी नाहीत. पण पुढच्या रविवारी आईनं आग्रह करून काट्यावर चढवलं, आणि काटा अठ्ठ्याऐंशी! बाबा काट्यावरून उतरले ते थेट बुटांत, आणि चालायला निघाले. (याबद्दल मी आत्ता जास्त लिहीत नाही.)

दुसरं संकट तुला माहीत आहे. राखीला तू आलीस, सोबत अनारशांचा डबा, आणि तू गेल्यानंतरच्या रविवारी चौऱ्याऐंशीचा काटा थेट शहाऐंशीवर. आईनं तुला फोनवर जे ऐकवलं ते स्पीकरवर असल्यामुळे अख्ख्या गल्लीनं ऐकलं. तूही म्हणालीस, "अवो वहिनी, दोन अनारशांनी माणूस दोन किलो फुगते का?" आणि तीन दिवस बोलली नाहीस. मीसुद्धा तेव्हा आईच्या बाजूनं मान हलवली होती. बाबा मात्र कोणाच्याच बाजूनं बोलले नाहीत. नुसते लेस बांधत राहिले.

परवा संक्रांत. तीळगूळ एकच खाणार असं बाबांनी आजच जाहीर केलं आहे. तूही पाठीला शेक दे आणि थोडं चालत जा. बाबा म्हणतात घरातल्या घरातसुद्धा चालतं.

घोट्यासह तुझा,
अंबरीश

ता. क. (३ वाजून ४५ मिनिटे) मुख्य गोष्ट राहिली. आत्या, हे वाचून झालं की पत्र फाडून टाक. एप्रिलमधले ते दोन किलो बाबांनी नाही, मी उतरवले. शनिवारी रात्री मी घरचा काटा उघडला आणि आतली स्प्रिंग अशी आवळली की रिकामा काटा शून्यावरच राहावा, पण नव्वदीच्या आसपास दोन किलो कमी दाखवावेत. (हे प्रत्येकाला जमत नाही. पण अभिमान सांगायची ही जागा नाही.) आमच्या धंद्यात याहून मोठं पाप नाही. मुरलीधरजींनी मला पहिल्या दिवशी एकच शिकवलं होतं, की गिऱ्हाइकाचा हात कापला तरी चालेल, काटा मारू नको. त्या शनिवारपासून मी घरच्या काट्याला हात लावलेला नाही, त्याच्याकडे नीट बघितलेलंही नाही.

म्हणजे बाबा आज खरे ब्याऐंशी आहेत. नवस पूर्ण झालेला नाही. आणि घाटावरचा तराजू खोटं बोलणार नाही, कारण तो मीच जुळवला आहे. चाळीस नातेवाइकांसमोर बाबांचं पारडं खालीच राहील, आणि ज्या आकड्यासाठी हा माणूस वर्षभर चालला तो खोटा होता हे त्याला तिथे कळेल. म्हणून हात जोडून विनंती: दोन किलोची एक छोटी ढेप जास्त आण, पिशवीत, साडीखाली. आरतीला सगळे डोळे मिटतील तेव्हा पारड्यात ठेव. देवाची समजूत मी नंतर काढीन.

ता. क. दुसरा (सोमवार, सकाळी ७ वाजून २० मिनिटे) ती ढेप आणू नकोस.

पत्र पेटीत टाकायला निघालो तर दारात बाबा बूट काढत होते. पाकिटाकडे बघून म्हणाले, "बेबीला लिहून राहिलास ना? मग हेही लिही, की गूळ ऐंशीच आणजो. तुझ्या हिशोबानं वर दोन किलो नको." मी दाराची कडी धरून उभा राहिलो. ते म्हणाले, ऑगस्टमध्ये फॅक्टरीच्या दवाखान्यात वजन केलं, दोन किलो जास्त निघालं. दोन काट्यांत दोन किलोंचा फरक, आणि घरात काटेवाला एकच. संध्याकाळी आपला काटा पिशवीत घालून ते मुरलीधरजींकडे गेले, मी जेवायला घरी आलो होतो तेव्हा, आणि सरळ करून आणला. म्हणजे राखीनंतर चढले ते दोन किलो माझेच होते, जागेवर परत आलेले. आणि ते उतरवायला बाबा सदरहून पायी परत येऊ लागले.

मी विचारलं, तुम्ही मला रागावला काहून नाही? बाबांनी बुटातली माती झटकली. म्हणाले, "जो पोरगा काट्यात कधी लबाडी करत नाही, त्यानं केली. म्हणजे किती भ्याला असशील तू. तुला काय रागवायचं? तेवढं जास्त चाललो." आणि आत जाऊन फुटाणे भरू लागले.

मी काट्याकडे तोंड करून बसून हे लिहिलं आहे. शेवटी जमाखर्च, म्हणजे काही राहायला नको:

बाबांचं वजन, खरं: ऐंशी किलो.
नर्मदामाईला देणं: गूळ ऐंशी किलो, वर काही नाही.
खर्च: बुटांचे दोन जोड, पैकी एकाचा तळ गेला, एक घोटा.
तुला देणं: अनारशांची माफी, आईकडून एक, माझ्याकडून दोन. आईच्या वाटची मी तिच्याकडे अजून मागितलेली नाही, कारण तिला हे सांगावं लागेल. तू येशील तेव्हा अनारसे घेऊन ये. बाबा एक खातील, अकरा मिनिटं.