कोऱ्या गाडीचे पाचशे तेवीस मैल

ब्लू क्रीक, विस्कॉन्सिन
१४ एप्रिल २००८

चि. कर्टिस यास आईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. चार ओळींचं होतं, त्यातल्या दोन हवापाण्याच्या, पण पोचलं. फोनवर आपण दोघं एकमेकांचे श्वास ऐकत बसतो, त्यापेक्षा हे बरं. इकडे बर्फ वितळलं आणि अंगणात चिखलच चिखल झालाय. मागच्या आठवड्यात चर्चच्या बायकांबरोबर बटाट्याच्या दोनशे पोळ्या, लेफ्सा, लाटल्या, खांदा अजून ठणकतोय. त्यांच्यातल्या इंगाने एकही लाटली नाही, नुसत्या सूचना केल्या.

आता मुद्द्याचं. कर खात्याचं पत्र आलंय, तुझ्या बाबांच्या, एल्मरच्या नावाने. माणूस जाऊन वर्ष उलटलं तरी त्यांची आठवण काढणारं कुणीतरी आहे म्हणायचं! त्यांनी ती विजेवर आणि पेट्रोलवर चालणारी हायब्रिड गाडी घेतली होती ना, तू अंत्यविधीला आलास तेव्हा चर्चबाहेर पाहिली असशील, तिच्यावर सरकारने करात सूट दिली होती. तीन हजार दीडशे डॉलर. त्यातली निम्मी आता परत मागतायत, वर दंड आणि व्याज.

कारण ऐक. त्या कंपनीच्या गाड्या म्हणे फार खपल्या, म्हणून ३० सप्टेंबर २००६ नंतर ज्यांनी घेतली त्यांना सूट निम्मीच. बाबांनी अर्जात लिहिलं की गाडी २९ सप्टेंबरला ताब्यात आली. सरकारी नोंद मात्र २ ऑक्टोबरची आहे. आणि मलाही पक्कं आठवतं, गाडी अंगणात आली ती २ ऑक्टोबरला, सोमवारी. शुक्रवारपासून ते त्यांच्या दोस्ताकडे, ऑर्लिनकडे, छप्पर दुरुस्तीला गेले होते, तिथून येताना घेऊन आले. मग २९ तारीख कुठून काढली? ला क्रॉसला तो गाडीवाला होता, त्याने दुकान बंद करून केव्हाच गाशा गुंडाळला.

पैशाचं मी बघेन. पण पत्रात लिहिलंय की तुझ्या बाबांनी ‘असत्य माहिती दिली’. कर्टिस, दुकानदाराने चुकून चार सेंट जास्त दिले म्हणून सहा मैल परत जाणारा माणूस तो. हट्टी होते, तिरसट होते, तुझ्याशी कसे वागले ते मला माहीत आहे. पण खोटारडे नव्हते. हे वाक्य त्यांच्या नावावर राहिलं तर मला झोप यायची नाही. काही सुचतं का ते कळव.

खातोस ना वेळेवर? आमची माया आहे तशीच आहे, तू तुझी आटू देऊ नकोस.

तुझी,
आई

डलूथ, मिनेसोटा
२२ एप्रिल २००८

ती. आईस सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. सरोवरावरचं बर्फ फुटलं, जहाजं सुरू झाली, त्यामुळे गोदीत कामाचा रेटा आहे. तब्येत ठीक.

कर खात्याचं मनाला लावून घेऊ नकोस. त्यांच्याशी भांडून कुणाचं भलं झालंय? ते मागतात तेवढं भरून टाक आणि मोकळी हो. सोबत चेक पाठवतोय, दंडासकट पुरेल. बाबांनी तारीख का तशी लिहिली याचा विचार करत बसू नकोस. जे झालं ते झालं.

खांद्याला शेक दे. लोभ आहेच, असू दे.

कर्टिस

ब्लू क्रीक
३० एप्रिल २००८

चि. कर्टिस यास आशीर्वाद. वि. वि.

तुझा चेक परत पाठवतेय. मी पैसे मागितले होते का रे? बाप खोटारडा ठरतोय आणि लेक म्हणतो भरून टाक, मोकळी हो! राग आला, म्हणून पत्र दोन दिवस तसंच ठेवलं. तरी राग गेला नाही, तेव्हा तो सोबत धाडतेय.

कर खात्यातल्या मुलीशी फोनवर बोलले. बोलायला गोड आहे, पण नियमाला चिकट. मी म्हटलं, बाबांची मैल लिहायची वही देते पाठवून. तुला ठाऊकच आहे, ट्रॅक्टरमध्ये तेल घातलं तरी वहीत लिहिणारे ते. वाटलं, त्यांचं अक्षर बघून तरी पटेल. झालं उलटंच. वहीची पहिली ओळ अशी: २ ऑक्टोबर, घरी आलो, काटा ५२३ मैल. ती मुलगी म्हणते की कोऱ्या गाडीच्या काट्यावर पाचशे तेवीस मैल कसे? म्हणजे दुकानदाराने आधी गिऱ्हाइकांना फिरवायला वापरलेली गाडी असणार. आणि आधी दुसऱ्याने वापरलेली गाडी असेल तर निम्मीसुद्धा सूट नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

ला क्रॉस आपल्यापासून तीस मैल. उरलेले मैल कुठे गेले? मी ऑर्लिनला फोन लावला. तो आधी आं-ऊं करत राहिला. मग म्हणाला की छप्पर त्याने वसंतातच घातलं होतं, एल्मर त्या शुक्रवारी आलाच नव्हता. कर्टिस, मी फोन खाली ठेवला आणि ओट्याशी उभीच राहिले. बेचाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस तीन दिवस मला खोटं सांगून कुठे गेला होता? सत्तरीला आलेला, गुडघे गेलेला माणूस. माझ्या मनात नको नको ते येतं, आणि मग माझीच मला लाज वाटते.

त्या मुलीने एक तोडगा सुचवलाय. माझ्या नवऱ्याला दुकानदाराने जुनी गाडी नवी म्हणून विकली, तो फसला, असं मी लिहून द्यायचं. मग ‘असत्य’ हा शब्द काढतील. ३० मेपर्यंत मुदत आहे. खोटारड्यापेक्षा मूर्ख बरा, असं म्हणून सही करणार आहे. पण ते तीन दिवस कुठल्या कागदाने पुसू?

तुला लिहिलं नसतं तर कुणाला लिहिलं असतं? आशीर्वाद आहेतच, रागाने कमी होत नाहीत ते.

आई

डलूथ
९ मे २००८

ती. आईस सा. न. वि. वि.

सही करू नकोस. बाबा फसले नव्हते, आणि तू जे मनात आणतेस ते तर मुळीच नाही. ते माझ्याकडे आले होते.

हे दीड वर्ष सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, मीच सांगितलं नाही. तू पहिल्या पत्रात २९ सप्टेंबर लिहिलंस तेव्हाच मला कळलं होतं. म्हणून तर भरून टाक म्हटलं. मला वाटलं, पैसे भरले की कुणी पुढे विचारणार नाही.

शनिवार होता, ३० सप्टेंबर. दुपारी मी वरच्या खिडकीशी होतो. समोर एक हिरवट निळी गाडी येऊन थांबली, आवाजच नाही तिला. बाबा उतरले. चर्चला घालायचा कोट घातला होता. हातात सफरचंदांची पिशवी. पायऱ्या चढताना कठड्याला धरून दोनदा थांबले. बेल वाजली. मी खाली उतरलो, दाराच्या आत उभा राहिलो, आणि दार उघडलं नाही.

का नाही उघडलं, ते तुला सांगायचा प्रयत्न करतो. गायी विकल्या त्या लिलावात सगळ्या गावासमोर ते म्हणाले होते की या पोरापेक्षा वासरू परवडलं. पाच वर्षं ते वाक्य मी उशाला घेऊन झोपलो. वाटलं, आलेत नवी गाडी दाखवायला, तुझ्यावाचून माझं काही अडलं नाही म्हणून सांगायला. वाटलं, एकदा त्यांनाही कळू दे बाहेर उभं राहणं काय असतं. त्यांनी तीनदा बेल वाजवली. एकदा हाक मारली, नुसतं नाव. मग पिशवी पायरीवर ठेवून गाडीत जाऊन बसले.

गेले मात्र नाहीत. आमच्या रस्त्यावर एक आठवडा एका बाजूला गाड्या लावायच्या, दुसऱ्या आठवड्यात दुसऱ्या बाजूला. त्यांना काय माहीत? चुकीच्या बाजूला लावली होती. पालिकेची बाई आली, काचेवर टकटक केली, दंडाची पावती लिहिली. बाबांनी टोपी काढून ती घेतली. मी वरून बघत होतो, आई. एवढंसं जाऊन सांगायचं होतं की बाबा, गाडी या बाजूला लावतात. तेवढंही केलं नाही. अंधार पडेपर्यंत ते बसून होते. रविवारी सकाळी पुन्हा आले. या वेळी उतरले नाहीत. तासभर बसले आणि गेले. मार्चमध्ये ते गेल्याचा तुझा फोन आला.

काल पालिकेच्या कचेरीत गेलो. त्या पावतीची नक्कल मिळाली: तारीख, वेळ, आमचा रस्ता, गाडीचा तात्पुरता नंबर. दंड त्यांनी लगेच भरला होता. तुझ्याकडून इथवर येऊन जाऊन किती मैल होतात ते तूच मोज. सोबत माझं प्रतिज्ञापत्रही आहे, सही-शिक्क्याचं. सगळं खरं लिहिलंय, दाराचंसुद्धा. पाठवून दे.

यापुढे मला पत्र लिहावंसं वाटलं नाही तर मी समजून घेईन. लोभ मागायला तोंड नाही.

कर्टिस

ब्लू क्रीक
१७ मे २००८

चि. कर्टिस यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी दिवसभर स्वयंपाक केला नाही. रागावले आहे का? हो. तू समोर असतास तर कानाखाली वाजवली असती, आणि मग जेवायला वाढलं असतं. बाप दारात उभा होता रे. पण तुझ्या या आईचंही ऐक, मग कोण जास्त चुकलं ते ठरव.

हे मी तुला लाजेने लिहिलं नव्हतं: गाडी आणली त्या सोमवारी मी आधी काटाच बघितला. पाचशे तेवीस! मी म्हटलं, फसलास की रे म्हाताऱ्या, कुणाची तरी वापरलेली गाडी गळ्यात मारली तुझ्या. ते हसले. म्हणाले, असेल बाई, मी काय ओळखतोय. मग काय, मला चेवच चढला. चर्चच्या तळघरात कॉफीच्या वेळी सगळ्यांपुढे मी ती गोष्ट सांगायची. एल्मरची नवीकोरी जुनी गाडी! लोक पोट धरून हसायचे, आणि तेही हसायचे, टोपी डोळ्यांवर ओढून. पाच महिने सांगितली. हॉस्पिटलमध्ये नर्सला सांगितली, तेव्हाही हसले. एका शब्दाने म्हणाले असते की मी पोराकडे गेलो होतो, तर मी गप्प झाले असते. पण मग मी लगेच विचारलं असतं की काय म्हणाला कर्टिस. तेवढ्यासाठी त्या अभिमानी माणसाने गावभर मूर्ख ठरून घेतलं. सरकारशी खरं बोलले आणि माझ्याशी खोटं. तुला माझ्या जिभेपासून वाचवलं त्यांनी.

आणखी एक. त्या सोमवारी जेवताना ते म्हणाले की कर्टिस बरा आहे, घर नीट ठेवलंय. मी विचारलं, कुणी सांगितलं? म्हणाले, पाहिलेल्याने. मी ते विसरून गेले होते. तुझं पत्र वाचताना आठवलं.

तुझं प्रतिज्ञापत्र मी पाठवणार नाही. दुसरं लिहून दे. त्यात तारीख घाल, रस्ता घाल, गाडी तू डोळ्यांनी पाहिलीस हे घाल. दाराचं काढून टाक. ते सरकारला लागत नाही, ते आपल्या घरातलं आहे. लवकर कर, मुदत जवळ आली.

आणि पत्र लिहावंसं वाटलं नाही तर वगैरे पुन्हा लिहू नकोस. माझी दोनच माणसं होती. त्यातलं एक गेलं.

तुझीच,
आई

ब्लू क्रीक
२८ जुलै २००८

चि. कर्टिस यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

कर खात्याचं पत्र शुक्रवारी आलं. सूट कायम, दंड माफ, आणि ‘असत्य’ शब्द मागे घेतलाय. दिलगिरीबिलगिरी नाही, पण चालेल. पत्र घेऊन कबरीवर गेले, मोठ्याने वाचून दाखवलं. मग तिथेच गवतात बसून खूप रडले. माफी मागायची होती, ती मागितली. उत्तर द्यायला कुणी नसलं की माफी मागून काय होतं ते मला कळलं, तुलाही कळलं असेल.

काल रविवारी कॉफीच्या वेळी मी उभी राहिले. जिथे त्यांची थट्टा केली तिथेच सांगायला हवं होतं. म्हटलं, ऐका सगळे, एल्मर फसला नव्हता. गाडी कोरी होती, सरकारने लिहून दिलंय. ते मैल त्याचे स्वतःचे होते, तो आपल्या मुलाला भेटायला डलूथला गेला होता. सगळ्यांनी हातातले कप खाली ठेवले. तुझी आणि त्यांची कथा गावात कोणाला ठाऊक नाही?

मग इंगाने, ती कधी गप्प बसलीये, विचारलं की झाली का मग भेट बापलेकांची. मी म्हटलं, झाली की. दार वाजल्याबरोबर धावत आला कर्टिस. दोन दिवस बोलत बसले होते दोघं.

आता कुणी विचारलं तर तूही हेच सांग. तुझ्या येण्याची वाट बघते.

आई