सगळे नको म्हणताना यूएसबी

प्रिय चिमणे,

फोनवर तू पुन्हा पुन्हा विचारतेस, आई, डिस्क जोडायला मी ई-साटा घे म्हणत होते, कॉम्प्युटरवाले काकाही तेच म्हणत होते, मग यूएसबीच का घेतलंस? दरवेळी मी विषय बदलते, म्हणून आज लिहायलाच बसले. आईला यातलं कळत नाही असं मात्र समजू नकोस. लोकांच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून देण्याचं काम मी उगाच नाही करत इतकी वर्षं.

तू पाठवलेला छोटा सर्व्हर मागच्या खोलीत ठेवला. त्याला बाहेरून चार हार्ड डिस्क जोडायच्या होत्या. कॉम्प्युटरवाले काका आले, चष्मा कपाळावर चढवून शिकवणीच घेतली माझी. यूएसबी कुठेही चालतं, पण चारही डिस्क एकाच हबवर, म्हणजे त्या चार तोंडांच्या डबीवर, टांगल्या की वेग वाटला जातो, मध्येच एखादी गायब होते. ई-साटाला सर्व्हरमध्ये कार्ड बसवावं लागतं, पण प्रत्येक डिस्कला स्वतःची वाट मिळते. एकदा बसवलं की वर्षानुवर्षं माझं तोंड बघायला नको, म्हणाले. मी म्हटलं, मग यूएसबीच द्या.

हसलीस ना? हस. तोंडातून गेल्यावर मीच चपापले होते. मग काय, डिस्क रुसायच्या, मी फोन करायची, ते यायचे. दुरुस्ती झाली की कॉपी नीट होते का बघायला चहा घेऊन थांबायचे. पडद्यावर कुणाचा तरी आजोबा नाचायचा, कुणाचं तरी बाळ पहिल्यांदा उभं राहायचं, आणि आम्ही दोघं परक्यांच्या आनंदात खिदळायचो. तुझे बाबा गेल्यापासून लोकांची घरं मी एकटीच बघत होते गं.

मध्ये बरेच दिवस काही बिघडलंच नाही. मला चैन पडेना. शेवटी मीच एक केबल उपटली आणि फोन लावला. ते आले, लोंबणारी केबल बघितली, परत खोचली आणि चहाला बसले. जाताना म्हणाले, हबला वीज देणारा अडॅप्टर कमी ताकदीचा आहे, म्हणून डिस्क रुसतात. कधी कळलं विचारलं, तर म्हणे पहिल्याच दिवशी. नवा अडॅप्टर तेव्हापासून बॅगेत घेऊन हिंडत होते! आहे की नाही चोरावर मोर?

तर परवा ई-साटाचं कार्ड बसवलं. आता डिस्क गुणी पोरींसारख्या चालतात, आणि ते बोलावल्याशिवाय येतात. आम्हाला लग्न करायचंय, चिमणे. त्यांनी विचारलं, मी म्हटलं, लेकीला विचारल्याशिवाय हो म्हणणार नाही. तेव्हापासून ते काही काम नसताना स्क्रूड्रायव्हर घेऊन घरभर फिरतायत. तू नाही म्हणालीस तर मी रागावणार नाही, रडेन मात्र. पण हो असेल तर मला नको, आधी त्यांना फोन कर. मी शेजारीच बसलेली असेन.

तुझीच,
या वयात लाजणारी आई